शिवलेला जोडा आणि चिकटवलेला बूट

जून उजाडला की डोंबिवलीत दोन दृश्ये हमखास दिसतात. एक म्हणजे शाळेच्या नव्या बुटांसाठी दुकानांत झालेली गर्दी, आणि दुसरे म्हणजे सोसायटीच्या सुक्या कचऱ्याच्या डब्याशेजारी मांडून ठेवलेले जुने बूट. डब्यात नव्हे, शेजारी. बूट डब्यात टाकायला सहसा हात धजत नाही. 'कुणाच्या तरी उपयोगी पडेल' असे म्हणून माणूस ते बाजूला ठेवतो आणि मोकळा होतो. कचरा वेचणाऱ्या बाया येतात, पुठ्ठा उचलतात, बाटल्या उचलतात, तुटक्या रबरी सपाताही उचलतात. खेळाचा बूट मात्र हातात घेऊन, उलटसुलट करून, पुन्हा होता तिथे ठेवून देतात.

आम्ही एकदा भंगारवाल्याला याचे कारण विचारले. तो म्हणाला, "साहेब, ह्यात दहा जिनसा आहेत. सुट्या होत नाहीत, आणि वितळत पण नाहीत. मी ह्याचं काय करू?"

आमचे काम बहुवारिकांवरचे, म्हणजे पॉलिमरांवरचे. या विषयावरची भाषणे आम्ही ऐकली आहेत आणि दिलीही आहेत. पण चक्रीय अर्थव्यवस्थेची अडचण इतक्या थोडक्यात सांगितलेली आम्हाला आठवत नाही. वापरलेली वस्तू कचरा न होता पुन्हा कच्चा माल व्हावी, निदान दुरुस्त होऊन पुन्हा वापरात यावी, अशी ही कल्पना आहे. बाटलीला ती लागू पडते आणि पत्र्याला तर उत्तम लागू पडते. मग बुटाचे घोडे कुठे अडते? ते समजून घ्यायचे तर बूट कसा जोडत आले, याचा इतिहास पाहावा लागतो. 'कशाचा केला' यापेक्षा 'कसा जोडला' हा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे.

आपल्या कोल्हापुरी चपलेपासून सुरुवात करू. तिचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या साहाय्याने कमावतात. या दोन्हींत टॅनिन नावाची द्रव्ये असतात. कातड्यातील कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंना ती धरून बसतात, त्यामुळे जिवाणूंना ते कातडे सहजासहजी कुजवता येत नाही. तळाचे थर आणि वरचे पट्टे एकमेकांना शिवायचे तेही चामड्याच्या वादीने. खिळा नाही, डिंक नाही. टाका उसवला की त्याच जातीच्या वादीने पुन्हा घालता येतो. झिजलेला तळ काढून नवा लावता येतो. शेवटी उरते ते एकाच प्रकारचे द्रव्य, आणि कालांतराने ते मातीत जाते. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातील चार, असे आठ जिल्हे त्यात आहेत. (२०२५ मध्ये इटलीतील एका बड्या फॅशन कंपनीने तशाच चपला मिलानमध्ये मिरवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचे नावही घेतले नाही, त्यावरून उठलेले वादळ वाचकांना आठवत असेल.)

मेलेले जनावर, त्याचे कातडे, त्याची वहाण, तिची दुरुस्ती आणि अखेर माती, असे हे चक्र पूर्ण होत असे. परंतु ते सांगताना गहिवरून जाण्याचे कारण नाही. हे चक्र आपोआप फिरत नव्हते. मेलेली गुरे ओढायची कुणी, कातडे सोलायचे कुणी आणि कमवायचे कुणी, हे गावगाड्यात जन्मावरून ठरलेले होते. ज्यांच्या हातून ही उपयुक्त कामे होत त्यांच्याच वाट्याला विटाळ आला. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण आपण वस्तूबद्दल वापरत नाही, माणसांबद्दल वापरतो, हे पुरेसे बोलके आहे. १९२० च्या दशकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली गुरे ओढणे आणि त्यांचे मांस खाणे सोडून द्या असे आवाहन केले, तेव्हा गावाची सोय जिच्यावर उभी होती त्या सक्तीलाच त्यांनी हात घातला. 'पूर्वी काहीच वाया जात नसे' असे वाक्य कुठल्याही लेखात वाचले की, न वाया जाण्याचा भार कुणाच्या खांद्यावर होता, हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा.

आता रबराकडे वळू. दक्षिण अमेरिकेतील लोकांना रबराच्या झाडाचा चीक शेकडो वर्षे ठाऊक होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्राझीलमध्ये बनवलेले रबरी जोडे अमेरिकेत विकले जात. हिवाळ्यात ते लाकडासारखे कडक होत आणि उन्हाळ्यात चिकट लगदा होऊन बसत. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना आढळले, की रबरात गंधक मिसळून ते तापवले तर हा दोष जातो. १८४४ मध्ये त्यांनी पेटंट घेतले. यालाच व्हल्कनीकरण म्हणतात.

यात घडते काय? कच्च्या रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. ताटात शेवया असाव्यात तशा त्या एकमेकींवरून सरकतात. गंधकाचे अणू या साखळ्यांमध्ये जागोजागी पूल बांधतात आणि साऱ्या शेवयांचे मिळून एकच जाळे तयार होते. जाळे ताणले तर ताणते, सोडले तर पूर्ववत होते, उन्हात ओघळत नाही. परंतु याच कारणाने ते पुन्हा कधी वितळतही नाही. फार तापवले तर पूल तुटतात आणि त्यांच्याबरोबर साखळ्याही तुटतात. मेणबत्ती वितळवून पुन्हा मेणबत्ती करता येते, भाजलेल्या भाकरीचे पुन्हा पीठ करता येत नाही, तसेच हे. भंगारवाला 'वितळत नाही' म्हणाला त्याचा उगम असा १८३९ मध्ये आहे.

इथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. याच गुडइयरांच्या मुलाचे नावही चार्ल्स. १८७० च्या सुमारास त्याने बुटाचा तळ शिवण्याचे यंत्र पुढे आणले. वरचा भाग आणि तळ यांच्यामध्ये चामड्याची एक पट्टी घालून शिवण मारायची, म्हणजे तळ झिजल्यावर शिवण उसवून नवा लावता येतो. महागडे चामडी बूट आजही या 'गुडइयर वेल्ट' पद्धतीने शिवतात. बापाच्या शोधाने न वितळणारा तळ दिला, तर मुलाच्या यंत्राने तळ बदलण्याची सोय दिली. खेळाच्या बुटाने पुढे बापाचा वारसा उचलला आणि मुलाचा सोडून दिला.

कॅनव्हासच्या कापडाला रबरी तळ, हा खेळाच्या बुटाचा पहिला अवतार. १९१७ मध्ये अमेरिकेत बास्केटबॉलसाठी निघालेले कॉन्व्हर्सचे बूट याच घराण्यातले. आपल्याकडे १९३० च्या दशकात कोलकात्याजवळ बाटानगर उभे राहिले आणि पुढे कवायतीचे पांढरे बूट शाळाशाळांत पोचले. आमच्या पिढीने शनिवारी सकाळी त्यांना खडू फासला आहे. त्या बुटात मोजून तीन-चार जिनसा होत्या: सुती कापड, रबर, दोरा आणि नाडीच्या भोकांच्या धातूच्या कड्या. तळ फाटला तरी कापड फाटून वेगळे करता येई.

मोठा बदल झाला तो १९७० च्या दशकात. अमेरिकेत हौसेने धावण्याची लाट आली आणि पायाला गादी हवी झाली. बाहेरचा तळ रबराचा आणि त्याच्या आत इथिलीन व्हिनिल ॲसिटेटचा, म्हणजे 'ईव्हीए'चा, हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांनी भरलेला फेस अशी रचना रूढ झाली. हा फेस वजनाला अतिशय हलका असतो, आणि त्याच्याही साखळ्यांमध्ये रासायनिक पूल बांधलेले असतात. वर नायलॉन किंवा पॉलिएस्टरची जाळी, टाचेला कडक प्लॅस्टिक, कडेला पॉलियुरेथेन, आत स्पंज. हे सारे एकमेकांना शिवणे अशक्य, म्हणून चिकटवायचे. शिवणीची जागा डिंकाने घेतली ती इथे.

या चिकटद्रव्यांचा इतिहास काळा आहे. पूर्वी त्यांत बेंझिन सर्रास वापरत. इस्तंबूलमधील लहान कारखान्यांतून काम करणाऱ्या चर्मकारांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसते, हे मुझफ्फर अक्सोय या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. बेंझिनवर पुढे ठिकठिकाणी निर्बंध आले त्यामागे अशा निरीक्षणांचा मोठा वाटा आहे. आज बेंझिनऐवजी टोल्युइनसारखे द्रावक असतात आणि काही कारखान्यांनी पाण्यावर आधारलेली चिकटद्रव्ये स्वीकारली आहेत. रेल्वे पुलाच्या तोंडाशी बसणारे आमचे गटई काका मात्र डब्यातले 'सोल्युशन' बोटानेच लावतात, आणि दिवसभर त्याच्या वाफेत बसतात.

एका बुटात किती गोष्टी असतात? अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये धावण्याच्या एका बुटाचा हिशोब मांडला. त्यात ६५ सुटे भाग निघाले आणि ते बनवून जोडायला ३६० हून अधिक क्रिया लागत होत्या. एका जोडीमागे हवेत जाणारा कार्बन, डायऑक्साइडच्या हिशोबात, सुमारे १४ किलो भरला. त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग कारखान्यातील प्रक्रियांचा होता, कच्च्या मालाचा नव्हे. जगात वर्षाला दोन हजार कोटींहून अधिक पादत्राणांचे जोड बनतात आणि उत्पादनात चीनच्या खालोखाल आपला देश आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हा प्रश्न केवळ श्रीमंत देशांचा राहत नाही.

यावर कंपन्यांनी काय केले? १९९० च्या दशकाच्या आरंभी नायकी कंपनीने जुने बूट परत घेऊन दळायला सुरुवात केली. दळून रबर, फेस आणि कापडाचे धागे असे तीन ढीग करायचे, आणि ते मैदानांच्या पृष्ठभागासाठी किंवा गाद्यांच्या भरावासाठी वापरायचे. यातून बुटाचा बूट होत नाही, बुटाचे मैदान होते. चक्राऐवजी हा उतार झाला म्हणा. तरीही उकिरड्यापेक्षा बरा. आदिदासने २०१९ मध्ये दुसरी वाट धरली. संपूर्ण बूट, अगदी नाडीसकट, एकाच द्रव्याचा करायचा. हे द्रव्य म्हणजे उष्णतेने मऊ होणारे पॉलियुरेथेन. चिकटद्रव्य मुळीच नाही, भाग उष्णतेनेच जोडलेले. भंगारवाल्याच्या दोन्ही तक्रारींना हे नेमके उत्तर होते. स्वित्झर्लंडच्या एका कंपनीने एरंडेलापासून केलेल्या नायलॉनसदृश द्रव्याचा बूट भाड्याने द्यायला काढला. जुना परत केल्याशिवाय पुढचा नाही. एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे, हे इथे जाता जाता नोंदवू.

या प्रयोगांत रसायनशास्त्र चोख आहे, पण बूट परत येणे ही खरी कसोटी असते. सिंगापूरमध्ये एका रसायन कंपनीने तेथील सरकारच्या सहकार्याने जुने बूट गोळा करून त्यांपासून क्रीडांगणे करण्याची योजना राबवली. रॉयटर्स वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी ११ जोड्यांच्या तळात माग काढणारी छोटी उपकरणे लपवली आणि ते बूट पेट्यांत टाकले. त्यांतल्या दहा जोड्या सिंगापूरबाहेर गेल्या, इंडोनेशियाच्या जुन्या बाजारापर्यंत पोचल्या. क्रीडांगणापर्यंत एकही गेली नाही. ही बातमी २०२३ च्या फेब्रुवारीत आली. पेटी ठेवली म्हणजे चक्र पूर्ण झाले असे धरून चालणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी. आमच्या सोसायटीतही एका संस्थेने अशी पेटी ठेवली होती. बूट कुठे गेले हे आम्ही तिला तीनदा विचारले, उत्तर आले नाही.

आता ठाणे जिल्ह्यात परत येऊ, कारण इथे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. रबर उद्योगाच्या संशोधनासाठी स्थापन झालेली देशातील संस्था याच वागळे इस्टेटीत आहे. टायर, नळ्या, तळ यांच्या रबराची झीज, ताण, म्हातारपण यांच्या चाचण्या तिथे होतात. रबर म्हातारे होते म्हणजे काय, हे पाहायला शिक्षकांनी अशा प्रयोगशाळेला एकदा भेट द्यावी.

वितळत नसले तरी जुने रबर अगदीच निरुपयोगी नसते. टायरच्या तुकड्याची चप्पल आपल्या बाजारांत पूर्वीपासून मिळते. जाळे तसेच ठेवायचे, नुसता आकार बदलायचा, अशी ही युक्ती आहे. जाळे अंशतः सोडवण्याचीही पद्धत आहे. १८९९ मध्ये आर्थर मार्क्स यांनी जुने रबर अल्कलीत शिजवून पुन्हा मळता येईल असे करण्याची रीत काढली. अशा पुनःप्राप्त रबराचे कारखाने आपल्याकडे सोलापुरातही आहेत. नव्या रबरात ते थोड्या प्रमाणात मिसळून पायपुसणी, चटया आणि चपलांचे तळ होतात.

ठाणे जिल्ह्याच्या नवी मुंबई भागात २०१३ नंतरच्या काळात 'ग्रीनसोल' हा उपक्रम उभा राहिला. श्रियांस भंडारी आणि रमेश धामी हे दोघे धावपटू. धावण्याच्या बुटांचे तळ लवकर फाटत नाहीत, आधी वरचा भाग जातो किंवा गादी बसते, हा त्यांचा रोजचा अनुभव. मग वरचा भाग कापून टाकायचा, शिल्लक तळावर पट्टे बसवायचे आणि चप्पल करायची, असे त्यांनी ठरवले. गोळा केलेल्या बुटांच्या अशा चपला करून त्या अनवाणी शाळेत जाणाऱ्या मुलांना दिल्या जातात. आजवर काही लाख जोड वाटले गेले आहेत. रसायनशास्त्राच्या नजरेने पाहिले तर यात तळ वितळवण्याचा प्रश्नच येत नाही. टायरच्या चपलेचीच ही युक्ती, पण नीट बसवलेली. पुण्या-मुंबईच्या दमट हवेत एक अडचण येते, ती मात्र सांगितली पाहिजे.

कपाटात जपून ठेवलेला बूट दोन-चार पावसाळ्यांनी बाहेर काढावा, आणि पाऊल टाकताच त्याच्या तळाचा भुगा व्हावा, हा अनुभव अनेकांना असेल. दुकानदाराने फसवले असे आपण म्हणतो. पण बहुधा तो तळ पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील बाष्प त्यातील एस्टर बंध तोडते, त्यातून आम्ल तयार होते, आणि ते आम्ल पुढची तोडफोड आणखी जलद करते. कोकणपट्टीत पावसाळ्यात हवेत बाष्पाची कमतरता नाही. म्हणजे ज्याची चप्पल करायची तो तळ ईव्हीएचा आहे की पॉलियुरेथेनचा, हे आधी ओळखावे लागते. आणि 'जपून ठेवू, मग देऊ' हे चुकीचे. द्यायचा तर लगेच द्यावा.

राहिले गटई काका. राज्यात चर्मकारांसाठी १९७४ मध्ये महामंडळ स्थापन झाले, त्याला संत रोहिदासांचे नाव आहे. गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देण्याची समाजकल्याण खात्याची योजनाही आहे. पण स्टॉलमध्ये बसून दुरुस्त काय करायचे? आमच्या मुलाचा, पुढून जबडा वासलेला बूट घेऊन आम्ही काकांकडे गेलो. त्यांनी तळ दाबून पाहिला.

"चिकटवू का, शिवू?" त्यांनी विचारले.

"काका, टिकेल कसा?"

"चिकटवला तर पावसाळाभर. शिवला तर टिकंल, पण टाका दिसंल. पोराला चाललं का ते बघा."

मुलाला चालणार नव्हते. तरी आम्ही शिवूनच घेतला. आरी फेसात सहज जात होती, रबरापाशी अडत होती. जोर लावताना काकांच्या अंगठ्याचे नख पांढरे पडत होते. चाळीस वर्षे हे काम केलेल्या माणसाने आपला मुलगा या धंद्यात आणलेला नाही, आणि आणावा असे आम्हीही म्हणणार नाही. नवे बूट तर शिवता येतील असे केलेलेच नसतात. हवाई चपलेचा पट्टा तुटला की थोड्या पैशांत नवा बसतो, कारण तिच्या तळाला त्यासाठी तीन भोके मुळातच ठेवलेली आहेत. दुरुस्तीची सोय वस्तूच्या रचनेतच करावी लागते, हे या तीन भोकांइतके स्पष्ट दुसऱ्या कशाने होत नाही.

वर्गात करून पाहण्याजोगे एक काम सुचवतो. एक टाकाऊ खेळाचा बूट आणावा. धारदार सुरीने त्याचे भाग शिक्षकांनी स्वतः सुटे करावेत, ते मुलांच्या हाती देऊ नये. मग प्रत्येक भागाचा लहान तुकडा पाण्यात सोडावा. ईव्हीएचा फेस तरंगतो, बाहेरच्या तळाचे रबर बुडते. कपड्याचा धागा, टाचेतले प्लॅस्टिक, आतला स्पंज यांच्या नोंदी मुलांनीच कराव्यात. स्पंज पिळल्यावर काय फरक पडतो तेही पाहावे. तुकडे जाळून पाहण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्यात पीव्हीसी असले तर विषारी आणि आम्लधर्मी वायू निघतात. दुसरीकडे एक जुनी हवाई चप्पल ठेवावी आणि दोन्हींच्या जिनसा मोजाव्यात. चपलेच्या तळातून पुढे गाड्यांची चाके कापता येतील. टाकाऊतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची पुस्तके बहुतेक शाळांत असतीलच.

आम्ही हे काम डोंबिवलीतील नववीच्या मुलांबरोबर केले. बुटाचे एकोणीस ढीग झाले. एका मुलीने ते पुन्हा मोजले, मग विचारले, "सर, हे आता कुठल्या डब्यात टाकायचे?" रबराचा तुकडा आम्ही प्रयोगासाठी ठेवून घेतला. नाड्या मुलांनी वाटून घेतल्या. उरलेले सतरा ढीग एका खोक्यात भरून शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटावर ठेवले आहेत, आणि ते अजून तिथेच आहेत.